वाचकांचे प्रश्न: शाळेच्या बाँडला हो म्हणायचं का नाही?

गेल्या अंकात मी सहज एक ओळ टाकली होती की आमच्या घरात शाळेच्या बाँडवरनं दोन मतं आहेत, नवऱ्याचं नाही आणि माझं हो, आणि जेवताना त्यावरनं रोज धुसफूस चालू आहे. त्या एका ओळीवर एवढ्या मेल आल्या की या वेळी व्हिसा, भिशी, सासूबाईंचा इन्शुरन्स सगळं बाजूला ठेवलं आणि फक्त बाँड घेतला. बाँड म्हणजे स्कूल डिस्ट्रिक्टनं, म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेनं, इमारतींसाठी मतदारांना विचारून काढलेलं कर्ज, ते तिथल्या घरांवरच्या प्रॉपर्टी टॅक्समधून फेडतात. बहुतेक पत्रं बे एरियातली आहेत म्हणून कॅलिफोर्नियाचे नियम धरून लिहितेय, एक टेक्सासचं आहे ते वेगळं घेतलंय. मी सिव्हिल इंजिनियर, शाळांच्या इमारतींवर काही वर्षं काम केलंय आणि आमच्या डिस्ट्रिक्टच्या बाँड कमिटीवर चार वर्षं बसलेय. वकील नाही, टॅक्सवाली पण नाही, हे आधीच सांगून टाकते.

प्रश्न: ताई, बॅलटबरोबर जे पुस्तक येतं त्यात लिहिलंय दर १,००,००० डॉलरमागे ४८ डॉलर. आमचं घर झिलोवर १७ लाख दाखवतंय, म्हणजे वर्षाला ८१६ डॉलर? शेजारचे म्हणतात त्यांना शंभरच्या आसपासच पडणार, घर तर आमच्यापेक्षा मोठं आहे त्यांचं. हे कसं काय?
— नवे घरमालक, फ्रीमाँट

उत्तर: पहिलं म्हणजे झिलो, ती घरांचे बाजारभाव दाखवणारी वेबसाइट, बंद करा, त्याचा इथं काही संबंध नाही. कौंटीच्या असेसरकडं तुमच्या घराची जी किंमत लिहिलेली असते तिच्यावर हा दर लागतो, आणि ती किंमत म्हणजे तुम्ही ज्या भावात घर घेतलं तो भाव अधिक दरवर्षी जास्तीत जास्त २ टक्के. समजा तुमच्या बिलावर साडेतेरा लाख लिहिलेत, तर साडेतेरा गुणिले ४८, ६४८ डॉलर. शेजाऱ्यांनी ऐंशीच्या दशकात घर घेतलं असणार, त्यांची किंमत कागदावर सव्वादोन लाखच असेल तर त्यांना १०८. एकच रस्ता, एकच शाळा, आणि तुम्ही सहापट देताय. ही सगळी १९७८ ला मतदारांनी पास केलेल्या प्रपोझिशन (प्रस्ताव) १३ ची करामत आहे, त्यानं मूळ प्रॉपर्टी टॅक्स १ टक्क्यावर बांधून टाकला आणि वाढीला २ टक्क्यांचं कुंपण घातलं. मतदारांनी पास केलेले बाँड त्या १ टक्क्याच्या वर लागतात. अन्याय आहे का, आहे, पण तो बाँडनं केलेला नाही, बाँड फक्त त्याच पट्टीनं मोजतो.

बरं, एक गंमत बघितली का, इथले लोक मिलियन बिलियनमध्ये बोलतात पण हा एक दर मात्र चक्क लाखावर सांगतात. दर लाखामागे इतके. आपल्याला हिशोब तोंडी जमतो आणि अमेरिकन शेजारी कॅल्क्युलेटर शोधत बसतो, तेवढाच आपला फायदा.

आता या ४८ बद्दल दोन गोष्टी. ५५ टक्के मतांनी पास होणाऱ्या बाँडसाठी युनिफाइड डिस्ट्रिक्टला, म्हणजे प्राथमिक ते हायस्कूल सगळं एकाखाली असतं त्याला, लाखामागे ६० डॉलरची मर्यादा आहे, नुसत्या प्राथमिक किंवा नुसत्या हायस्कूल डिस्ट्रिक्टला ३०, कम्युनिटी कॉलेजला २५. पण ही मर्यादा एका मेझरची, म्हणजे मतदानाला ठेवलेल्या एका प्रस्तावाची आहे, सगळ्या मेझरची मिळून नाही. दहा वर्षांपूर्वीचा बाँड अजून फिटत असतो, त्यावर नवा येतो, कॉलेजचा वेगळा असतो, आणि बिल उघडून बघितलं तर चारपाच ओळी एकाखाली एक. तुम्ही हप्त्यातूनच टॅक्स भरत असणार, एस्क्रोवाल्यांना ते बिल कधी उघडावंसंच वाटत नाही. उघडा, कौंटीच्या वेबसाइटवर पत्ता टाकला की निघतं. आणि दुसरी, ४८ हा अंदाज आहे. घरांच्या किमती पडल्या तर दर वर जाऊ शकतो, कारण कर्ज देणाऱ्यांना पैसे वेळेवर मिळतील एवढा टॅक्स कौंटीला लावावाच लागतो.

किती वर्षं म्हणाल तर बाँड एकदम विकत नाहीत, दोनतीन वर्षांच्या अंतरानं सिरीजमध्ये विकतात आणि प्रत्येक सिरीज बरेचदा २५ ते ३० वर्षांची, म्हणजे सगळं फिटेपर्यंत तुमचा आत्ता किंडरगार्टनला असलेला पोरगा स्वतः टॅक्स भरायला लागलेला असणार. त्या पुस्तकात मागं एक टॅक्स रेट स्टेटमेंट असतं, बारीक टायपात, त्यात शेवटचं वर्ष आणि व्याजासकट एकूण किती फेडायचं तो आकडा असतो. पुढची रंगीत पानं नंतर वाचा, आधी ते.

प्रश्न: आम्ही एच वन बीवर, भाड्याच्या घरात, दोन मुलं पब्लिक स्कूलमध्ये. मत देता येत नाही. मग आमचा या सगळ्याशी काय संबंध?
— दोन मुलांची आई, सनीवेल

उत्तर: संबंध दोन बाजूंनी आहे. घरमालक टॅक्स स्वतःच्या खिशातून भरतो असं वाटत असेल तर तसं काही नाही, तो भाड्यातच असतो, फक्त पावतीवर वेगळा लिहिलेला नसतो. म्हणजे तुम्ही भरताय. मत मात्र सिटिझनलाच, ग्रीन कार्डवाल्यांनाही नाही.

पण एक दार उघडं आहे जे आपल्या लोकांना माहीतच नसतं. बाँड पास झाला की त्याच्यावर लक्ष ठेवायला एक सिटिझन्स ओव्हरसाइट कमिटी नेमावी लागते, नावात सिटिझन असलं तरी कॅलिफोर्नियानं २०१९ ला कायदा बदलला आणि राज्यात राहणाऱ्या सज्ञान माणसाला इमिग्रेशन स्टेटस काहीही असलं तरी नेमणुकीच्या पदावर बसता येतं असं केलं. पगार नसतो त्यामुळं व्हिसाचीही नोकरी म्हणून भानगड नाही, तरी तुमच्या डिस्ट्रिक्टचे स्वतःचे नियम आधी वाचून घ्या. कमिटीत किमान सात जण लागतात आणि त्यात एक जागा डिस्ट्रिक्टमधल्या मुलाच्या पालकाची, एक पीटीएत, म्हणजे पालक-शिक्षक संघात, काम करणाऱ्या पालकाची राखीव असते. आणि खरं सांगू का, या जागांसाठी रांग लागलेली मी कधी बघितली नाही. आमच्याकडं एक खुर्ची आठ महिने रिकामी होती.

प्रश्न: मी डोंबिवलीहून मुलाकडे तीन महिन्यांसाठी आलो आहे. इथे दारोदार माणसे येऊन शाळेसाठी घरपट्टी वाढवायला मत द्या म्हणून सांगतात हे पाहून चकित झालो. स्वतःवर कर लावून घ्यायला लोक हो म्हणतात? आपल्याकडे असे का नाही?
— एक आजोबा

उत्तर: आजोबा, पत्र फार आवडलं, आणि तुमच्या अक्षराचा फोटो मुलानं पाठवला तेही छान केलं.

लोक हो म्हणतात, बऱ्याचदा म्हणतात, पण ते सहज झालेलं नाही. आधी दोन तृतीयांश मतं लागायची, म्हणजे शंभरातले पासष्ट जण हो म्हणाले तरी बाँड पडायचा. मग मार्च २००० ला प्रपोझिशन २६ आणलं की साधं बहुमत पुरे, ते लोकांनी पाडलं, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात प्रपोझिशन ३९ आणलं की बरं ५५ टक्के तरी करा, ते पास झालं. तुळशीबागेत भाव करतात तसंच की! पण लोकांनी ५५ ला होकार देताना अटी घातल्या. कामांची यादी आधी छापायची, दरवर्षी ऑडिट, वर सांगितली ती कमिटी, आणि या पैशातून मास्तरांचे पगार नाहीत का ऑफिसचा खर्च नाही, फक्त इमारती, जागा आणि सामान.

आता आपल्याकडं. तुमच्या डोंबिवलीच्या मालमत्ता कराच्या बिलावर शिक्षण कर अशी ओळ असेल बघा, १९६२ च्या महाराष्ट्राच्या कायद्यानं तो उपकर लागतो. म्हणजे शाळेच्या नावानं आपणही घरावर कर भरतोच, फक्त आपल्याला कोणी दारात येऊन विचारत नाही आणि त्यातून कुठल्या शाळेचं काय झालं ते कोणी सांगतही नाही. बाँडही आपल्याला नवा नाही, पुणे महापालिकेनं जून २०१७ मध्ये चोवीस तास पाण्याच्या योजनेसाठी २०० कोटींचे बाँड काढले आणि ते मुंबईला शेअर बाजारात लागले. पण निर्णय महापालिकेत, पुणेकरांनी त्यावर मतपेटीत काही टाकलं नाही. पुणेकरांना विचारलं असतं तर काय झालं असतं हा वेगळाच विनोदी विषय आहे.

गावाकडं याच्या अगदी उलटं, तिथं लोकवर्गणी. झेडपीच्या शाळेला रंग, फळा, पत्रे, कॉम्प्युटर, गावानं वर्गणी काढून कित्येक ठिकाणी केलंय आणि मला त्याचं कौतुकच आहे, पण वर्गणी रंगाला पुरते, स्लॅबला पुरत नाही. नगर जिल्ह्यात निंबोडीला ऑगस्ट २०१७ मध्ये शाळेचं छत कोसळून तीन मुलं गेली. तिथं मोठी रक्कम एकदम लागते आणि ती मंजुरीच्या फायलीतून यायची वाट बघावी लागते. इथं निदान एवढं आहे की गावानं ठरवलं तर गावाला कर्ज काढता येतं.

पण इथलंही गोड गोड चित्र डोक्यात घेऊन जाऊ नका. घरं महाग तिथं लाखामागे ६० डॉलरनं पैशाचा ढीग जमतो, आणि सेंट्रल व्हॅलीतल्या शेतमजुरांच्या गावात त्याच ६० डॉलरमध्ये दोन वर्ग पण नीट होत नाहीत. राज्य मदत करतं, नोव्हेंबर २०२४ ला प्रपोझिशन २ नं १० अब्ज डॉलरचा बाँड पास झालाय, पण राज्याचे पैसे मिळवायला आधी आपला वाटा दाखवावा लागतो, आणि ज्याच्याकडं वाटा आहे तो रांगेत पुढं.

प्रश्न: आमच्या शाळेत या वर्षी आर्टची टीचर कमी केली, लायब्ररी आठवड्यातून दोन दिवस, आणि मैदानावर मात्र नवीन टर्फ, ते प्लास्टिकचं गवत, टाकतायत!! आणि आता परत बाँड मागतायत. मी तरी नाही म्हणणार. डोकं फिरतं बघून.
— चिडलेला बाबा, सॅन होजे

उत्तर: दादा, डोकं फिरणं बरोबर आहे. पण दोन डबे वेगळे आहेत, घरात दळणाचा डबा आणि दागिन्यांचा डबा असतो तसे, आणि एकातलं दुसऱ्यात टाकायला कायद्यानं बंदी आहे. टीचरचा पगार बहुतेक ठिकाणी राज्याकडून येणाऱ्या पैशातून होतो, तो मुलांच्या हजेरीवर मोजतात, आणि मुलं कमी झाली की तो आटतो. घरं एवढी महाग की तरुण कुटुंबं इथं टिकतच नाहीत, कुपर्टिनोत २०२२ ला मुलं कमी म्हणून प्राथमिक शाळा बंद केल्या, कुपर्टिनोत, जिथं लोक शाळेसाठी घर घेतात! टर्फ बाँडच्या डब्यातलं. तुम्ही बाँड पाडलात म्हणून आर्टची टीचर परत येणार नाही.

टीचर हवी असेल तर त्याला पार्सल टॅक्स म्हणून वेगळं मेझर असतं. तो घराच्या किमतीवर नाही, दर प्लॉटला सपाट इतके डॉलर, तो पगाराला वापरता येतो, पण डिस्ट्रिक्टनं स्वतः बॅलटवर आणला तर त्याला अजूनही दोन तृतीयांश लागतात. म्हणजे मजा बघा, भिंतीसाठी ५५ आणि भिंतीच्या आत शिकवणाऱ्या माणसासाठी ६६ च्या वर. हे कुणी ठरवलं तर आपणच, मतपेटीतून.

तरी तुमच्या रागातला एक प्रश्न मी खिशात ठेवला असता. मुलं कमी होतायत तर नव्या वर्गखोल्या कशाला? यादीत नवं बांधकाम जास्त आहे का जुन्याची दुरुस्ती, हे बघा. मुलं घटणाऱ्या डिस्ट्रिक्टनं छपरं, वायरिंग, एसी मागितले तर मी हो म्हणेन, नवीन थिएटर मागितलं तर मी पण तुमच्या बाजूला.

प्रश्न: एका बाथरूमच्या रिपेअरला एवढे पैसे? माझ्या घराचं किचन पाडून नवीन केलं तरी एवढे लागले नाहीत. कोणीतरी खातंय ना?
— संशयी वाचक, डब्लिन

उत्तर: हा प्रश्न माझ्या धंद्यातला, त्यामुळं लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

१० मार्च १९३३, शुक्रवार, संध्याकाळचे पाच वाजून चोपन्न मिनिटं, लाँग बीचला भूकंप झाला. ७० शाळा जमीनदोस्त झाल्या, अजून कितीतरी मोडकळीला आल्या. विटांच्या, देखण्या इमारती होत्या, बाहेरून नक्षी आणि आत लोखंड नाही. शाळा सुटून मुलं घरी गेलेली होती म्हणून वाचली, हाच भूकंप दुपारी दोनला झाला असता तर काय झालं असतं याचा विचार करून लोक एवढे हादरले की बरोबर महिन्याभरात, १० एप्रिलला, फील्ड ॲक्ट झाला. तेव्हापासून कॅलिफोर्नियात पब्लिक स्कूलची इमारत साध्या इमारतीपेक्षा कडक नियमानं बांधतात, नकाशे गावच्या बिल्डिंग डिपार्टमेंटला नाही तर डिव्हिजन ऑफ द स्टेट आर्किटेक्टकडं जातात, आणि साइटवर कामाला एक स्वतंत्र इन्स्पेक्टर असतो जो ठेकेदाराचा नोकर नसतो.

मी लातूरची. किल्लारी झाली तेव्हा मी नववीत होते, ३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जन करून लोक दमून झोपले होते आणि पहाटे चारच्या आत सगळं संपलं. लाँग बीचला वेळेनं वाचवलं, आमच्याकडं वेळेनंच मारलं. आमची शाळा त्यानंतर बरेच दिवस पत्र्याच्या शेडमध्ये भरायची, पाऊस आला की सरांचा आवाज ऐकू यायचा नाही आणि आम्ही खूश. पुढं सिव्हिल का घेतलं हे मला कोणी विचारलं की मी काहीतरी दुसरंच सांगते, पण कारण तेच. त्यामुळं फील्ड ॲक्टचा खर्च जास्त आहे अशी कुरकुर मला ऐकवत नाही, तिथं माझा तोल जातो, तेवढं समजून घ्या.

आता तुमचं बाथरूम. इमारत १९५८ ची असेल तर टाइल्सखाली ॲस्बेस्टॉस निघतो, भिंतीला शिशाचा रंग, तो काढायला वेगळी टोळी सूट घालून येते. मजुरी राज्यानं ठरवलेल्या दरानं, स्वस्तातला ओळखीचा माणूस चालत नाही. बाथरूमला हात लावला की व्हीलचेअरचा रस्ता पण नीट करावा लागतो, पार्किंगपासून दारापर्यंत, मग उतार, मग कठडा. आणि हे सगळं उन्हाळ्याच्या दहा आठवड्यांत, कारण ऑगस्टात मुलं परत, आणि त्याच दहा आठवड्यांत आजूबाजूच्या सगळ्या डिस्ट्रिक्टना तेच ठेकेदार हवे असतात. तुमच्या किचनला यातलं काही नव्हतं.

खातंय का कोणी? खाणं म्हणजे पाकीट, ते मी तरी बघितलं नाही. पण उधळणं बघितलंय. एकच डिझाइन तीनदा बदललं, दर वेळी आर्किटेक्टचं बिल. पोर्टेबलचंच घ्या, १९९६ ला राज्यानं लहान वर्गात २० मुलं ठेवली तर जास्त पैसे देऊ म्हणलं, शाळांनी धडाधड पोर्टेबल खोल्या आणून मैदानात ठेवल्या, तात्पुरत्या म्हणून, त्यातल्या कित्येक अजून तिथंच आहेत, खालची जमीन भुसभुशीत झाली तरी. दर बाँडमध्ये त्यांची दुरुस्ती असते. तात्पुरत्या गोष्टीवर तीस वर्षांचं कर्ज काढून खर्च करणं याला मी उधळपट्टीच म्हणते.

आणि यसच्या बाजूनं येणारी चकचकीत पत्रकं कोण छापतं ते पण बघा. डिस्ट्रिक्टला स्वतःच्या पैशातून प्रचार करता येत नाही, माहिती देता येते एवढंच. मग प्रचाराचा पैसा बरेचदा आर्किटेक्ट, बांधकाम कंपन्या आणि बाँड विकणाऱ्या फर्मकडून येतो, त्याचा हिशोब फॉर्म ४६० वर जाहीर असतो. बेकायदा काही नाही. पण माहीत असलेलं बरं.

प्रश्न: मी रिटायर्ड, मुलं केव्हाच शिकून गेली. सीनियरना सूट मिळते ना?
— पासष्टीच्या पुढचे, मिलपिटास

उत्तर: पार्सल टॅक्सला बऱ्याच ठिकाणी मिळते, अर्ज करावा लागतो. बाँडला नाही. अगदीच ओढाताण असेल तर ६२ वर्षांच्या पुढच्यांना राज्याच्या कंट्रोलरकडं प्रॉपर्टी टॅक्स पुढं ढकलायची सोय आहे, उत्पन्नाच्या अटी आहेत आणि ते घरावर कर्ज म्हणून चढतं, त्यामुळं मुलांना विचारून करा.

प्रश्न: पॉवेचा किस्सा ऑफिसात ऐकला, १०० मिलियन घेतले आणि बिलियन फेडायचे म्हणे. हे खरं का? आपल्याकडं पण तसंच होणार का?
— एक इंजिनियर, प्लेझंटन

उत्तर: खरं आहे. सॅन डिएगोजवळचं पॉवे युनिफाइड, २०११. साधारण १०५ मिलियन घेतले आणि फेड जवळपास ९८१ मिलियनची. त्यांनी आधी लोकांना शब्द दिला होता की टॅक्सचा दर वाढवणार नाही, मग पैसे तर हवेत आणि दर तर वाढवायचा नाही, तर पहिली वीस वर्षं काहीच भरायचं नाही असे बाँड काढले, कॅपिटल ॲप्रिसिएशन बाँड म्हणतात त्याला. वीस वर्षं व्याजावर व्याज चढणार आणि बिल पुढच्या पिढीच्या नावानं. सावकाराच्या वहीत अंगठा द्यायचा आणि आकडा नातवानं वाचायचा, आपल्या आजोबा-पणजोबांना हे चांगलंच माहीत होतं.

२०१३ ला कायदा झाला, आता असल्या बाँडची मुदत २५ वर्षांवर जाऊ देत नाहीत आणि फेड मुद्दलाच्या चौपटीवर नाही. साध्या बाँडमध्ये १०० मिलियन ४ टक्क्यांनी ३० वर्षांना घेतले तर एकूण १७३ मिलियनच्या आसपास जातात, आपल्या होम लोनसारखंच. टॅक्स रेट स्टेटमेंटमधला एकूण आकडा मुद्दलानं भागा, दीड ते दोनच्या मध्ये आलं तर नेहमीचं आहे, अडीचच्या वर गेलं तर डिस्ट्रिक्टच्या मीटिंगला जाऊन विचारा का. आणि हो, व्याज जातं कुणाकडं म्हणाल तर तुमच्या ब्रोकरेज खात्यात कॅलिफोर्नियाचा टॅक्स फ्री म्युनी फंड (असलेच सरकारी बाँड विकत घेणारा फंड) असेल तर थोडं तुमच्याचकडं.

प्रश्न: आम्ही फ्रिस्कोला. बाँडच्या बॅलटवर मोठ्या अक्षरात छापलेलं असतं की ही प्रॉपर्टी टॅक्सची वाढ आहे, आणि स्कूल डिस्ट्रिक्ट म्हणतं दर वाढणार नाही. कोण खोटं बोलतंय?
— टेक्सासची वाचक

उत्तर: दोघंही नाही, दोघंही अर्धं बोलतायत. ते वाक्य २०१९ पासून टेक्सासच्या कायद्यानं शाळेच्या प्रत्येक बाँडवर छापावंच लागतं, दर वाढो न वाढो. डिस्ट्रिक्ट म्हणतं जुनं कर्ज फिटत आलंय आणि नवीन घरं वाढतायत, म्हणून नवं कर्ज काढूनही दर तोच राहील. ते खरं असू शकतं. पण मग नवं कर्ज काढलं नसतं तर दर कमी करता आला असता, हे ते सांगत नाहीत. शिवाय दर तोच आणि घराचं अप्रेझल वर, तर बिल वाढतंच, आणि तुमच्याकडं कॅलिफोर्नियासारखं २ टक्क्यांचं कुंपण नाही. घरात पासष्टच्या वरचं कोणी मालक असेल आणि ते तिथंच राहत असतील तर शाळेच्या टॅक्सची रक्कम गोठवता येते, बाँड आला तरी ती वाढत नाही, तो अर्ज केला नसेल तर आज करा. तुमच्याकडं पन्नास टक्क्यांच्या वर एक मत मिळालं की पास, त्यामुळं एकेक मताला वजन आहे.

प्रश्न: ताई, हिशोब पुरे. तुम्ही स्वतः काय करता ते सांगा. आणि घरचं भांडण मिटलं का?
— नेहमीची वाचक

उत्तर: मी इथं आल्यापासून एकदाच नाही म्हणलंय आणि त्याची गोष्ट सांगते, डिस्ट्रिक्टचं नाव नको.

आधीचा एक बाँड होता, त्याला मी हो म्हणले, नुसतं म्हणले नाही तर शनिवारी सकाळी दारोदार फिरले. पत्रकावर पहिल्याच पानावर एका प्राथमिक शाळेच्या गळक्या बाथरूमचा फोटो होता, गंजलेले पाइप, प्लास्टिकच्या पिशवीनं बांधलेला नळ. लोक फोटो बघायचे आणि दारातच हो म्हणायचे. पास झाला. मग मी कमिटीवर गेले आणि दुसऱ्या वर्षी लक्षात आलं की ते बाथरूम कुठंच नाहीये. हायस्कूलच्या मैदानाचे दिवे झाले, ऑफिसची नवी बिल्डिंग झाली, बाथरूम पुढच्या फेजमध्ये. मी विचारलं तर यादी काढून दाखवली, तिथं लिहिलेलं की अमुक अमुक शाळांमध्ये कामं करण्यात येतील, त्यात पुढीलपैकी काहीही असू शकेल. काहीही असू शकेल! फोटो एका बाथरूमचा आणि वाक्य सगळ्या जगाचं. कायद्यानं बरोबर, ऑडिट स्वच्छ, एक पैसा इकडचा तिकडं नाही.

आणि कमिटीला अधिकार काय, तर खर्च झाल्यावर बघायचं आणि लोकांना रिपोर्ट द्यायचा. थांबवता येत नाही, आधी हे करा म्हणून हुकूम सोडता येत नाही. तीन महिन्यांनी एक मीटिंग, आठ खुर्च्या, प्रेक्षकांत कोणी नाही. एकदा फक्त एक आजी आल्या होत्या, त्यांना वाटलं बिंगो आहे. आम्ही रिपोर्टमध्ये त्या बाथरूमचा तोच प्रचारातला फोटो छापला, खाली तारीख टाकली, शेजारी नवा काढलेला फोटो आणि त्याची तारीख. दोन्ही फोटो सारखेच. बाकी काही लिहिलं नाही. तो रिपोर्ट पीटीएच्या व्हॉट्सॲपवर फिरला आणि पुढच्या उन्हाळ्यात बाथरूम झालं.

मधल्या काळात डिस्ट्रिक्टनं नवा बाँड आणला आणि त्याची यादी पण तशीच पसरट होती, शाळांची नावं आहेत पण कुठल्या शाळेत काय ते नाही, तेव्हा मी नाही म्हणले. तो तरी पास झाला. यावेळची यादी वेगळी आहे, शाळावार आहे, छपरं, वायरिंग, एसी, बाथरूम, अंदाजे खर्च समोर, आणि कुठलं आधी करणार तेही. म्हणून या वेळी हो.

नवरा अजून नाहीच म्हणतो. त्याचं म्हणणं जसंच्या तसं लिहून घे, मला वाचून दाखव आणि मगच छाप असं त्यानं बजावलं, म्हणून छापते: घराचा टॅक्स शेजाऱ्याच्या सहापट भरतो मी, तर प्रश्न पण सहापट विचारणार. मी म्हणलं विचार ना, कमिटीवर एक खुर्ची रिकामी आहे. तेव्हापासून यादीचा कागद त्याच्या बाजूच्या टेबलावर आहे, पिवळ्या मार्करनं रंगवलेला, आणि काल रात्री साडेअकराला मला उठवून विचारलं की एसीच्या आधी छप्पर का नाही करत, उलटं केलं तर एसी परत काढायला लागेल ना. बरोबर आहे त्याचं. अर्ज भरलाय का ते मी अजून विचारलेलं नाही.